पायाळूचे पाच दिवस

गुरुवार

पोस्टमनकाकांच्या गाडीची उघडी डिकी बघून मला शंका आली, आपण सहलीला निघालोय की नालेसफाईला? दोन मेटल डिटेक्टर, अरुंद पात्याची दोन फावडी, गुडघ्यांना बांधायच्या गाद्या, चिखलाचे बूट, चहाचे तीन थर्मास आणि बिस्किटांचा एक रिकामा डबा. "रिकामा कशाला?" मी विचारलं. "भरून आणायला," काकू म्हणाल्या, "कचऱ्याने."

काका म्हणजे लंडनच्या हॅरो भागातले आमचे शेजारी, निवृत्त पोस्टमन. इथल्या रीतीप्रमाणे मी त्यांना नावानेच हाक मारते, पण मनात ते पोस्टमनकाकाच. तीन वर्षांपूर्वी कुंपणावरच्या गप्पांत मी बोलून गेले की मी पायाळू आहे, पायांकडून जन्मलेली, आणि आमच्याकडे अशा माणसाला जमिनीतलं धन दिसतं म्हणतात. काकूंना आधी तो खाण्याचा पदार्थ वाटला. आलू त्यांना हॅरोत राहून माहीत, आणि 'पाय' (pie) हा तर त्यांच्याच घरचा पदार्थ. काका मात्र पोट धरून हसले. "म्हणजे माझं यंत्र फुकट गेलं म्हणायचं! चल एकदा सफोकला, बघू कोणाला आधी दिसतं." सफोक म्हणजे इंग्लंडच्या पूर्वेची काउंटी, आपल्याकडच्या जिल्ह्यासारखी.

पुढचं मी त्यांना सांगितलं नव्हतं. माझं आजोळ धाराशिव जिल्ह्यात, गोरोबाकाकांच्या तेरजवळ. गुप्तधनासाठी पायाळू पोरं पळवतात, या धास्तीने आजी मला परक्यासमोर तो शब्द काढू द्यायची नाही. ती धास्ती अगदीच हवेतली नव्हती. २०१३ साली महाराष्ट्रात जादूटोणाविरोधी कायदा झाला, तेव्हा त्यात गुप्तधनाच्या शोधापायी होणाऱ्या अघोरी प्रकारांचा उल्लेख करावाच लागला.

इप्सविच सोडून ए-१४० रस्त्याला लागलो. हा रस्ता बराचसा जुन्या रोमन रस्त्यावरून जातो, म्हणून मधूनच फूटपट्टीने आखल्यासारखा सरळ होतो. काकू गाडी चालवत होत्या आणि काका मला कायदा शिकवत होते. इथे तीनशे वर्षांहून जुनी, वजनात निदान दहा टक्के सोनं किंवा चांदी असलेली वस्तू (नाणं सोडून) सापडली, किंवा तितकीच जुनी सोन्याचांदीची दोन नाणी एका जागी सापडली, तर ती 'ट्रेझर'. चौदा दिवसांत कळवायचं. मग कॉरोनर नावाचा अधिकारी चौकशी करणार, एखाद्या संग्रहालयाला हवी असेल तर तज्ज्ञ किंमत ठरवणार, आणि ती रक्कम साधारणपणे शोधणारा आणि जमीनमालक यांच्यात अर्धी-अर्धी. हा १९९६ चा कायदा, १९९७ पासून लागू. त्याच वर्षी किरकोळ सापडणाऱ्या वस्तूंचीही नोंद ठेवणारी योजना सुरू झाली. तिच्यात पंधरा लाखांहून जास्त वस्तू नोंदल्या गेल्या आहेत, आणि त्यांतल्या बहुतेक काकांसारख्या हौशी लोकांनी आणलेल्या.

आपल्याकडेही कायदा आहे, निखात निधीचा, १८७८ चा. दहा रुपयांहून जास्त किमतीचं काही जमिनीत सापडलं तर कलेक्टरला कळवायचं. मी हे सांगितल्यावर काकांनी विचारलं, "मग लोक कळवतात?" मी खिडकीबाहेर बघितलं.

इथले छंदिष्ट शेतालाच 'परमिशन' म्हणतात. "सफोकात माझ्या दोन परमिशन आहेत," असं काका म्हणतात, आपण दोन एकर बागायत आहे म्हणावं तसं. ही परमिशन काकूंच्या माहेरच्या ओळखीतली. शेतमालकाने संध्याकाळी स्वयंपाकघराच्या टेबलावर दोन पानी करार पुढे केला. मीही सही केली. झोपायला शेडमागचा कॅरव्हॅन मिळाला.

शुक्रवार

गहू कापून झालेला, धसकटं उभी, आणि मातीत गारगोट्या इतक्या की फावडं घातलं की ठणठण. यंत्राची तबकडी जमिनीलगत फिरवायची. मी पहिल्या पाच मिनिटांतच बोलणी खाल्ली, कारण मी ती झाडूसारखी मारत होते. मग मला अंगण सारवणारी आजी आठवली. तो संथ, एकावर एक चढणारा हात जमला आणि यंत्र बोलायला लागलं.

तबकडीतून चुंबकीय क्षेत्र जमिनीत सोडलं जातं. खाली धातू असला की त्यात सूक्ष्म वीजप्रवाह फिरतात आणि त्यांचा उलटा पडसाद यंत्राला ऐकू येतो. लोखंड गुरगुरतं, चांदी किणकिणते, पडद्यावर आकडा दिसतो. गंमत अशी की कोल्ड्रिंकच्या कॅनची कडी आणि पातळ सोन्याची अंगठी यांचा आकडा जवळजवळ सारखाच येतो. त्यामुळे सोनं शोधायचं तर आयुष्यभर कड्या उपसाव्या लागतात.

मी उपसल्या. दुपारपर्यंत माझ्या नावावर चार कड्या, बंदुकीच्या काडतुसांची सात पितळी बुडं, शिशाचा एक गोळा, नालाचा खिळा आणि एक बटण. बिस्किटांचा डबा भरायला लागला. हा कचरा परत मातीत टाकायचा नाही, हा नियमच. शेतकरी खूश राहतो आणि पुढच्या वर्षी परमिशनही राहते.

काकूंना शिशाची भोक पडलेली चकती सापडली. मी ती बघताच म्हटलं, "टकळीची!" सूत कातताना टकळीला भार यावा म्हणून लावतात तशी. काकू कधीच्या ओळखून होत्या, पण मी शब्द न विचारता ओळखली याचं त्यांना कौतुक वाटलं. मध्ययुगातली असावी. कुणा बाईच्या हातून बांधावर पडली असणार आणि तिने संध्याकाळपर्यंत शोधली असणार.

पावणेचारला माझं यंत्र किणकिणलं. एकदाच नाही, दोन्ही बाजूंनी फिरवलं तरी तोच सूर. उत्साहाच्या भरात मी फावडं बरोबर मध्यावर घातलं. काका लांबून ओरडले, "बाजूने! बाजूने खण, मुली, दोन तुकडे करशील त्याचे!" मग वीतभर अंतरावरून ढेकूळ उचललं, गाजराएवढ्या छोट्या यंत्राने माती चाचपली, आणि बोटांनी ढेकूळ फोडल्यावर चिमूटभर काहीतरी चमकलं.

नाणं होतं. अर्धंच. माझा जीव खाली गेला, मीच तोडलं की काय! पण काकांनी ते तळहातावर घेतलं आणि हसले. कापलेली कड सरळ आणि काळवंडलेली होती. सातशे-आठशे वर्षांपूर्वीची कात्री, माझं फावडं नव्हे. तिसऱ्या हेन्रीच्या काळातला चांदीचा पेनी. कागदासारखा पातळ. एका बाजूला राजाचा अर्धा मुकुट आणि कानावरचे कुरळे केस, दुसऱ्या बाजूला दुहेरी रेघांचा क्रूस थेट कडेपर्यंत गेलेला, आणि क्रूसाच्या प्रत्येक कोनात तीन-तीन टिंबं. १२४७ साली क्रूस असा कडेपर्यंत ताणला तो कडा कातरून चांदी चोरणाऱ्यांना आळा बसावा म्हणून. पण लोकांनी त्याच रेघांचा उपयोग सुट्ट्या पैशांसाठी केला. क्रूसावरून कापला की अर्धा पेनी, पुन्हा कापला की पाव. इंग्रजीतला फार्दिंग म्हणजे मुळात चौथा हिस्साच, आपल्या पावलीसारखा. १२७९ नंतर गोल अर्धी आणि पाव नाणी निघाली आणि हे कापाकापीचं काम मंदावलं.

एकटं नाणं, म्हणून कायद्याने ते ट्रेझर नाही. नोंद करायची ती स्वखुशीने. मालकाला दाखवलं तर तो म्हणाला, "करारात अर्धं-अर्धं लिहिलंय. अर्ध्याचं अर्धं करायला कात्री आणू का?" आणि ते मलाच दिलं.

इथपर्यंत सगळं गोड होतं. साडेपाचला वावराच्या खालच्या टोकाला काकांना एक रुंद, खोल सूर लागला. त्या पट्ट्यात दिवसभरात राखाडी खापरं दिसली होती आणि काकांना झिजलेली दोन बारीक रोमन तांब्याची नाणी मिळाली होती, त्यामुळे आम्ही तिघंही तिथेच घुटमळत होतो. काका खणत गेले. वीतभर, मग आणखी थोडं. मातीचा रंग पालटला, भुसभुशीत तपकिरीच्या जागी घट्ट पिवळसर माती लागली. गाजर-यंत्र खड्ड्याच्या तळाशी धरलं तर अजून थरथरत होतं. आणि काका थांबले.

"नांगराचा फाळ इथपर्यंतच जातो," ते म्हणाले. "याच्या वरचं सगळं आधीच ढवळलेलं आहे, ते आपण उचललं तर बिघडत नाही. याच्या खाली जे आहे ते जिथे ठेवलं तिथेच आहे."

"पण अजून चार बोटंच असेल!" मी म्हटलं.

"असेल. ती चार बोटं माझी नाहीत."

त्यांनी जागा फोनवर टिपली, वहीत खोली लिहिली, खड्डा बुजवला, वर धसकटंसुद्धा नीट टोचली. मी चहा घेतला नाही. रात्री कॅरव्हॅनच्या पत्र्यावर पाऊस वाजत होता आणि मी डोळे मिटले की ती पिवळी माती दिसत होती. पायाळू असण्याचा इतका त्रास मला आजवर कधी झाला नव्हता.

शनिवार

"तुझं तोंड बघवत नाही," म्हणून काकू सकाळीच मला गाडीत घालून हॉक्सनला घेऊन गेल्या. काकाही आले.

हॉक्सन हे उत्तर सफोकमधलं खेडं. गोल्डब्रुक नावाच्या ओढ्यावर पूल आहे. डेन लोकांपासून पळणारा राजा एडमंड त्याखाली लपला होता आणि नव्या नवरा-नवरीला पाण्यात त्याच्या टाचांना बांधलेल्या काट्यांची चमक दिसली, त्यांनी चुगली केली, अशी कथा. म्हणून नवपरिणित जोडपी या पुलावरून जायची टाळत. असल्या कथा आपल्याकडे दर दोन मैलांवर मिळतात, तेव्हा मी मान डोलावून पुढे निघाले.

काकांना मला दाखवायचं होतं ते वेगळंच. गावाबाहेर पूर्वी विटांसाठी मातीची खाण होती. १७९७ साली जॉन फ्रीअर नावाच्या जमीनदाराने तिथे गारगोटीची घडवलेली हत्यारं पाहिली. बारा फूट खोल, वर मातीचे वेगवेगळे थर. त्याने लंडनच्या विद्वानांना पत्र लिहिलं, त्यात प्रत्येक थराची जाडी दिली, आणि ही हत्यारं फार फार जुन्या काळातली असावीत असं म्हटलं. आज ती साधारण चार लाख वर्षांपूर्वीची मानतात. पत्रात एक वाक्य असं आहे की काळजात चर्र होतं: हे दगड काही खास आहेत हे कळण्याआधी खाणीतल्या माणसाने टोपल्या भरभरून ही हत्यारं रस्त्याच्या चाकोऱ्या बुजवायला ओतली होती. दगड तेच. पण रस्त्यावर गेले ते खडी झाले आणि ज्यांची 'बारा फूट' ही नोंद झाली तेवढ्यांनी माणसाचं वय वाढवलं.

आणि त्याच गावच्या शिवारात, १६ नोव्हेंबर १९९२ ला, एरिक लॉज नावाचे निवृत्त माळी डिटेक्टर घेऊन गेले. निवृत्तीच्या वेळी भेट मिळालेलं यंत्र. धन शोधायला नव्हे, ओळखीच्या शेतकऱ्याची हातोडी हरवली होती ती शोधायला. सूर लागला, खणलं तर चांदीचे चमचे, सोन्याचे दागिने, नाणी. त्यांनी थोडं बाहेर काढलं आणि मग थांबले. जमीन काउंटी कौन्सिलची होती, त्यांना आणि पोलिसांना कळवलं. दुसऱ्या दिवशी पुरातत्त्ववाल्यांनी येऊन एका दिवसात उत्खनन केलं, काही भाग तर मातीच्या ठोकळ्यांसकट उचलून प्रयोगशाळेत नेला.

सोन्याची ५६९ नाणी, चांदीची चौदा हजारांहून जास्त, आणि दागिने व ताटवाट्या-चमचे मिळून सुमारे दोनशे वस्तू. पाचव्या शतकाच्या सुरुवातीचा ऐवज, रोमन सत्ता ब्रिटनमधून उखडत होती तेव्हाचा. पण माझ्यासाठी त्यातली मोठी गोष्ट अशी की लॉज थांबले म्हणून कळलं, हे सगळं एका लाकडी पेटीत ठेवलं होतं. लाकूड कधीच कुजलं होतं. उरले होते बिजागऱ्या, चांदीची इवली कुलुपं आणि वस्तूंची मांडणी. कुठल्या थप्पीत काय होतं, कशाभोवती कापड गुंडाळलं होतं, कशाखाली गवत घातलं होतं. पोत्यात भरून घरी नेलं असतं तर सोनं तेवढंच भरलं असतं. पेटी मात्र गेली असती.

सरकारने साडेसतरा लाख पौंड बक्षीस दिलं. लॉजनी ते शेतकऱ्याबरोबर वाटून घेतलं. हातोडीही सापडली, आणि तीही ब्रिटिश म्युझियमच्या संग्रहात गेली.

ते शेत बघायला आम्ही गेलो नाही. परमिशन नव्हती.

रविवार

पाऊस. सटन हू ही अँग्लो-सॅक्सन काळातली दफनभूमी बघितली. हिरवळीवरचे बुटके टेकाड बघून आधी निराशा होते, मग हळूहळू अंगावर काटा येतो. १९३९ साली इथे बेसिल ब्राउन या स्वशिक्षित माणसाने २७ मीटर लांबीचं जहाज शोधलं. लाकूड संपलेलं, वाळूत उमटलेला ठसा आणि लोखंडी रिव्हेटांच्या ओळी. त्याने ठशालाच जहाज समजून जपलं. पुरलेला ऐवज परत काढायचा इरादा नव्हता, म्हणून तेव्हाच्या कायद्याने तो ट्रेझर ठरला नाही, जमीनमालकीण एडिथ प्रेटी यांचा झाला. आणि त्या बाईंनी तो राष्ट्राला देऊन टाकला.

जवळच रेंडलशॅम आहे. तिथल्या शेतमालकाला सकाळी वावरात खड्डे दिसायला लागले. रात्री चोरून खणणाऱ्यांना इथे 'नाइटहॉक' म्हणतात. त्याने काउंटीच्या पुरातत्त्व विभागाला सांगितलं, त्यांनी चार अनुभवी छंदिष्टांना कामाला लावलं. त्यांनी २००८ पासून कित्येक वर्षं वावरामागून वावर चाळलं, प्रत्येक वस्तू नकाशावर मांडली, आणि त्यातून सातव्या शतकातली राजवस्ती उभी राहिली. पुढे राजाच्या सभागृहाचाही माग लागला. काका याला सुईदोऱ्याचं काम म्हणतात.

याच्या उलट हेरिफर्डशरचा किस्सा. २०१५ साली दोघांना व्हायकिंगांच्या काळातला साठा सापडला. त्यांनी दडवला, विकला. तपासकर्त्यांच्या अंदाजाने सुमारे तीनशे नाणी असावीत. हाती लागली तीसेक. त्यांतल्या काहींवर वेसेक्सचा आल्फ्रेड आणि मर्सियाचा केऑलवुल्फ हे दोन राजे शेजारी शेजारी बसलेले, म्हणजे ज्याला इतिहासाने किरकोळ ठरवलं तो केऑलवुल्फ आल्फ्रेडचा बरोबरीचा दोस्त होता. बाकीच्या नाण्यांवर काय होतं ते गेलं. २०१९ मध्ये दोघांना तुरुंगवास झाला.

संध्याकाळी मी त्यांना फोनवर आपल्याकडचा व्हिडिओ दाखवला. मार्च २०२५, बुऱ्हाणपूरजवळ असीरगडाच्या पायथ्याची शेतं, मध्यरात्र, शेकडो टॉर्च, कुदळी, चाळण्या, मधूनच एखादा डिटेक्टर. एका सिनेमानंतर अफवा उठली होती की मोगलांचं सोनं इथे पुरलंय. काकूंनी हसणं अपेक्षित होतं. त्या म्हणाल्या, "बिचारे. आणि बिचारं शेत." मला एकदम त्या माणसांची बाजू घ्यावीशी वाटली. नोंदवायला गेलं की चौकशीचा ससेमिरा लागणार असेल, आणि न नोंदवता विकलं की पोरीचं लग्न निघणार असेल, तर उपदेश कोणाला करायचा? इथे कायदा चांगला आहे याचं एक साधं कारण हे की खरं बोलणाऱ्याला पैसे मिळतात.

सोमवार

प्रत्येक भागाला सापडलेल्या वस्तूंची नोंद करणारा एक अधिकारी असतो. इथे तरुण बाई होत्या. टेबलावर छोटा तराजू, कॅमेरा, पट्टी आणि प्लॅस्टिकच्या पुड्या. माझं अर्धं नाणं त्यांनी सोन्याच्या तोळ्यासारखं तोललं, पाऊण ग्रॅमही भरलं नाही. दोन्ही बाजूंचे फोटो घेतले आणि मग म्हणाल्या, "नेमकं कुठे?" काकांच्या वहीतला आकडा वाचून दाखवला. तो लिहून घेताना त्यांनी पेन जरा जास्त जपून धरलं असं मला वाटलं.

मला तेरचं संग्रहालय आठवलं. तेर म्हणजे ग्रीक खलाशाने पहिल्या शतकात लिहून ठेवलेलं तगर, जिथून मलमल गाड्यांवर लादून भडोचला जायची. तिथे पावसाळा सरला की पांढरीच्या टेकाडांवर मणी आणि सातवाहनांची नाणी आपसूक उघडी पडतात. यंत्र लागत नाही, खाली बघून चालावं लागतं. गावातल्या रामलिंगप्पा लामतुरे यांनी आयुष्यभर अशा वस्तू जमवल्या आणि त्यातून आज त्यांच्या नावाचं सरकारी संग्रहालय उभं आहे. लहानपणी मला तिथे मणी जास्त आवडायचे. आता वाटतं, प्रत्येक मण्याशेजारी "नेमकं कुठे" विचारणारी एखादी बाई त्या काळी तिथे असती तर!

खोल सुराची माहिती बाईंनी वेगळ्या कागदावर घेतली. खापरांचा पट्टा ऐकून त्यांचे डोळे चमकले. बघू म्हणाल्या.

काका-काकू मागे राहिले. मी रेल्वेने लंडन गाठून तडक ब्रिटिश म्युझियमच्या ४९ नंबरच्या दालनात गेले. हॉक्सनचा ऐवज तिथे आहे, आणि त्यात वीतभरही उंची नसलेली, चांदीची, सोन्याचा मुलामा दिलेली एक बाई आहे. केसांचा केवढा थाट! ही मिरपुडीची डबी. बुडाशी फिरणारी चकती, तिच्या तीन जागा: एक बंद, एक भरायला, एक शिंपडायला. आत जायची ती मिरी आपल्या मलबारची, जहाजातून तांबड्या समुद्रामार्गे, तिथून सफोकच्या चिखलापर्यंत. काचेपलीकडे ती बाई हातात गुंडाळी धरून एक बोट पुढे करून होती, जेवणाला जरा चव आणा म्हणाल्यासारखी.

तीन आठवड्यांनी काकांनी फोटो पाठवला. अधिकारी बाई आणि स्थानिक मंडळाच्या चार जणांनी तिथे मीटरभराचा चौकोन आखून, थर सोलत सोलत खणलं होतं. शेजारी काळी-पांढरी पट्टी ठेवून रीतसर फोटो. दुधाच्या कॅनचं झाकण. पन्नासेक वर्षांपूर्वी कुणीतरी खड्डा करून पुरलेलं. खाली वहीतल्या पानाचाही फोटो होता: तारीख, जागा, "झाकण, खोली ४१ सें.मी." आणि त्याच्याखाली काकांच्या पोस्टातल्या ठसठशीत अक्षरात एक ओळ: पाय-आलूला दिसलं नव्हतं वाटतं.